हेपटायटिस सी : उपचार आणि मज्जातंतूंची इजा

हेपटायटिस सीवर औषधे घेत असताना काही रुग्णांच्या पायांत मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, बधिरपणा इतका वाढतो की पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. या तक्रारींचे खापर औषधांवर फुटते, ते अर्धेच खरे.

औषधांपैकी दोष प्रामुख्याने जुन्या इंटरफेरॉनचा. 1991 पासून दोन दशके ही इंजेक्शने, 1998 नंतर रिबाव्हिरिनच्या जोडीने, 24 ते 48 आठवडे दिली जात. इंटरफेरॉन प्रतिकारशक्तीला चेतवते; ती क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. चेहऱ्याचा लकवा आणि दृष्टीच्या मज्जातंतूची इजाही नोंदली गेली आहे. अर्थात बहुतेकांना छळले ते ताप, थकवा आणि नैराश्य यांनीच.

मूळ आजारही मज्जातंतू बिघडवतो. विषाणूमुळे रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिने तयार होतात. थंडीत ती साकळतात, मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना सूज येते आणि पायांवर जांभळे ठिपके उठतात. माळव्यातल्या हिवाळी रात्री अशा रुग्णांना अधिक जड जाऊ शकतात. इंदूरसारख्या शहरात आणखी संशयित असतातच: मधुमेह, त्यावरचे मेटफॉर्मिन, शाकाहारी घरांतली ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, दारू. म्हणून मुंग्या उपचाराआधीच होत्या का, हा प्रश्न पहिला. त्याचे उत्तर केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहिलेले असले तर निदान निम्मे होते.

भारतात 2015 मध्ये सोफोसबुव्हिर हे नवे, गोळीच्या रूपातले औषध आले आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून अशी औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली. सिऱ्हॉसिस (यकृत घट्ट होऊन आक्रसणे) नसलेल्यांना सहसा सोफोसबुव्हिर व डॅक्लाटासव्हिर 12 आठवडे पुरते. या गोळ्यांनी मज्जातंतूंना इजा होते असे सिद्ध झालेले नाही. उलट, विषाणू गेल्यावर क्रायोग्लोब्युलिनचा त्रास अनेकदा ओसरतो. मात्र तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. रक्त तपासणीत विषाणू सापडेनासा झाला तरी तळवे महिनोन्‌महिने बधिर राहू शकतात.

एक धोका डॉक्टर दोन आणि चिठ्ठ्या दोन असल्या की संभवतो. मज्जातंतूंच्या वेदनेवर काही वेळा दिले जाणारे कार्बामाझेपिन, तसेच फिटवरचे फेनिटॉइन, सोफोसबुव्हिर व डॅक्लाटासव्हिरचे रक्तातील प्रमाण घटवते आणि उपचार फसू शकतो. ही औषधे एकत्र देत नाहीत.