१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि शवविच्छेदनाचा पुरावा : एक ऐतिहासिक अभ्यास

इ.स. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्रात 'मानमोडी' या नावाने ओळखले गेले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेल्या या साथीत किती माणसे मृत्यू पावली, याविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ती माणसे नेमकी कशाने मृत्यू पावली, हा प्रश्न मात्र बहुधा वैद्यकाचा म्हणून बाजूस ठेवला जातो. वास्तविक तो इतिहासाचाही प्रश्न आहे. मृत्यूच्या कारणाचा पुरावा शवविच्छेदनाच्या टेबलावर तयार झाला. आणि कोणाचे शव तेथवर पोहोचले व कोणाचे नाही, हे वैद्यकाने ठरविले नव्हते.

त्या काळी इन्फ्लुएन्झाचे कारण सापडले आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये रुग्णांच्या थुंकीतून एक जिवाणू वेगळा केला होता व तोच या रोगाचा कारक मानला जात असे. १९१८ च्या शवविच्छेदनांनी ही समजूत प्रथम डळमळीत केली. काही शवागारांत हा जिवाणू जवळजवळ प्रत्येक फुप्फुसात सापडे, तर काहींत तो क्वचितच आढळे. त्याऐवजी न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू दिसत. एकाच रोगाने मेलेल्या माणसांच्या फुप्फुसांत छावणीगणिक निराळे जिवाणू का असावेत, या कोड्याचे उत्तर तत्कालीन विकृतिशास्त्राजवळ नव्हते. फायफर यांच्या प्रतिष्ठेमुळे अनेक संशोधकांनी दोष स्वतःच्या प्रयोगपद्धतीकडे घेतला, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बोस्टनजवळील कॅम्प डेव्हन्स या लष्करी छावणीत २३ सप्टेंबर १९१८ रोजी विल्यम वेल्श, व्हिक्टर व्हॉन आणि रुफस कोल हे पाहणीसाठी आले. वेल्श हे अमेरिकेतील विकृतिशास्त्राचे पितामह मानले जात. सुमारे पस्तीस हजार सैनिकांसाठी बांधलेल्या या छावणीत त्या वेळी पंचेचाळीस हजारांवर माणसे होती आणि शवागारात प्रेते जमिनीवर ठेवावी लागत होती. समोर उघडलेली फुप्फुसे निळसर, जड व पाण्याने भरलेली होती. त्यांतून रक्तमिश्रित फेस निघत होता. कोल यांनी पुढे नोंदविलेल्या आठवणीनुसार वेल्श अस्वस्थ झाले आणि हा एखादा नवाच संसर्ग किंवा प्लेग असावा, असे म्हणाले. आयुष्यभर प्रेते पाहिलेल्या माणसाचा हा उद्गार त्या फुप्फुसांविषयी पुष्कळ सांगून जातो.

तेव्हाच्या अहवालांत मृत्यूची दोन चित्रे दिसतात. आजार सुरू झाल्यापासून थोड्याच दिवसांत दगावलेल्यांची फुप्फुसे रक्तस्रावाने व द्रवाने भरलेली असत आणि वायुकोशांच्या आतून काचेसारखा एक पातळ पापुद्रा जमलेला असे. आठवडा-दहा दिवस तग धरलेल्यांच्या फुप्फुसांत मात्र पू झालेला, ठिकठिकाणी पसरलेला न्यूमोनिया आढळे. दुसऱ्या प्रकारचे मृत्यू संख्येने अधिक होते. अर्नेस्ट गुडपास्चर यांनी १९१९ मध्ये नौदलाच्या रुग्णालयातील काही शवांचे वर्णन करताना जिवाणू न सापडलेल्या फुप्फुसांची नोंद केली. (त्याच लेखातील एका तरुणाच्या वर्णनावरून १९५८ मध्ये एका वेगळ्याच व्याधीला गुडपास्चर यांचे नाव देण्यात आले.) इन्फ्लुएन्झाचा कारक विषाणू आहे हे मानवी नमुन्यांवरून १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी सिद्ध केले. तोवर १९१८ चे मृतदेह मातीत मिसळून गेले होते.

सगळेच मात्र नव्हे. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाची स्थापना १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात झाली होती. त्यातूनच पुढे लष्कराच्या विकृतिशास्त्र संस्थेचा विकास झाला. तेथे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसविलेले ऊतींचे लहान तुकडे कपाटांत जपून ठेवलेले होते. जेफ्री टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशाच एका तुकड्यातून १९१८ च्या विषाणूच्या जनुकांचे अंश वेगळे केले. तो तुकडा दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सन छावणीत २६ सप्टेंबर १९१८ रोजी मृत्यू पावलेल्या २१ वर्षांच्या सैनिकाचा होता. त्याच्या एका फुप्फुसात जिवाणूजन्य न्यूमोनिया पूर्ण विकसित झाला होता, तर दुसऱ्यात विषाणूने केलेली सुरुवातीची हानी दिसत होती. एकाच देहात रोगाच्या दोन अवस्था सापडल्या, म्हणूनच विषाणूचा मागमूस लागला.

हे वृत्त वाचून योहान हुल्टिन या निवृत्त विकृतिशास्त्रज्ञाने टॉबेनबर्गर यांना पत्र लिहिले. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या एस्किमो वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ७२ माणसे मृत्यू पावली होती व कायम गोठलेल्या जमिनीत त्यांना एकत्र पुरण्यात आले होते. हुल्टिन यांनी १९५१ मध्ये तेथे उत्खनन केले होते. तेव्हा विषाणू जिवंत करता आला नव्हता. १९९७ मध्ये वस्तीच्या संमतीने ते पुन्हा गेले आणि एका स्थूल स्त्रीच्या, चरबीमुळे टिकून राहिलेल्या फुप्फुसाचे नमुने घेऊन आले. त्या नमुन्यांच्या साहाय्याने २००५ पर्यंत विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना वाचता आली. जाण्यापूर्वी हुल्टिन यांनी त्या थडग्यावर लाकडी क्रूस उभारले, ही बाब शास्त्रीय लेखांत सहसा येत नाही.

मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी २००८ मध्ये १९१८-१९ च्या ५८ शवविच्छेदनांतील जपलेले नमुने नव्याने तपासले. त्यासोबत १०९ प्रकाशित लेखांतील ८,३९८ शवविच्छेदनांच्या नोंदीही अभ्यासल्या. बहुसंख्य मृत्यू विषाणूने खिळखिळ्या केलेल्या श्वासमार्गात नंतर शिरलेल्या जिवाणूंमुळे झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रतिजैविके उपलब्ध असती तर यांतील बरेच जण वाचले असते, असा त्याचा अर्थ होतो. २००९ च्या साथीत अमेरिकेत तपासलेल्या ७७ मृत्यूंपैकी २२ प्रकरणांत जिवाणूंचा सहसंसर्ग आढळला, हेही येथे नमूद करावयास हवे.

या निष्कर्षाची मर्यादा मात्र त्याच्या साधनांतच आहे. उघडलेली शरीरे मोठ्या प्रमाणात सैनिकांची, म्हणजे गर्दीच्या छावण्यांतील तरुण पुरुषांची होती. गर्दीत जिवाणू एकमेकांकडे सहज जातात. याच छावण्यांत त्याआधी गोवराच्या पाठोपाठ स्ट्रेप्टोकोकसच्या न्यूमोनियाने बळी घेतले होते.

हिंदुस्थानातील चित्र याच्या नेमके उलट होते. मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये गोदीवरील पोलीस शिपायांपासून साथ सुरू झाली. दुसऱ्या, अधिक घातक लाटेत ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदविले गेले. शहरातील मृत्युदर तथाकथित खालच्या जातींतील हिंदूंमध्ये हजारी ६१.६, तर युरोपीयांमध्ये ८.३ होता. देशातील एकूण मृत्यूंचे अंदाज सुमारे सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत व त्याहूनही अधिक आहेत. इअन मिल्स यांनी १९८६ मध्ये दाखविल्याप्रमाणे येथे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक संख्येने मृत्यू पावल्या. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. उपाशी, घरातील आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रीचे फुप्फुस फोर्ट जॅक्सनच्या सैनिकासारखेच निकामी झाले असेल काय? याचे उत्तर देऊ शकेल असा मेणातील तुकडा कोठेही जपलेला नाही.

खेड्यांत मृत्यूची नोंद पाटलामार्फत होत असे आणि ठरावीक रकान्यांत 'ताप' हा रकाना सर्वांत मोठा असे. तो हिवताप, इन्फ्लुएन्झा, न्यूमोनिया सर्वांनाच पोटात घेई. याला केवळ साधनांची टंचाई कारणीभूत नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये सक्तीच्या तपासण्यांत प्रेतांचीही तपासणी होती व त्याविषयीचा संताप पुणे-मुंबईत अजून विसरला गेला नव्हता. इंग्रज सरकारने १९१८ मध्ये तो मार्ग पुन्हा धरला नाही. तेव्हाच्या लोकांच्या दृष्टीने ते योग्यच होते. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र त्यामुळे कोट्यवधी मृत्यूंवर एकच शब्द उरला.

कोविड-१९ च्या प्रारंभी हीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. मार्च २०२० मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख संस्थेने संसर्गाच्या भीतीने शवविच्छेदन टाळण्याचा सल्ला दिला. हॅम्बुर्गमध्ये ती तरीही करण्यात आली आणि पहिल्या १२ शवांपैकी ७ जणांच्या खोल शिरांत, जिवंतपणी कोणाच्या ध्यानात न आलेल्या रक्ताच्या गाठी सापडल्या. चौघांचा मृत्यू थेट फुप्फुसात अडकलेल्या गाठीमुळे झाला होता. संस्थेने आपला सल्ला पुढे बदलला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मे २०२० मध्ये न्यायवैद्यकीय प्रकरणांतही चिरफाड करणारे शवविच्छेदन शक्यतो टाळावे, अशी मार्गदर्शक सूचना काढली होती. त्याच वर्षी भोपाळच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत संशोधनासाठी परवानगी घेऊन अशी शवविच्छेदने सुरू झाली.