‘वादळ होतं का?’ हा प्रश्न पुरत नाही

समुद्रावरच्या अपघाताचा अभ्यास करताना तुम्ही पहिल्यांदा काय शोधाल? वादळ. पण आधी हंगाम बघा.

अटलांटिकमध्ये हरिकेनचा हंगाम जून ते नोव्हेंबर सलग धरतात. अरबी समुद्रात मात्र चक्रीवादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. नोव्हेंबर १८८८ मध्ये ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली, ती या चौकटीत बसते.

आता ‘रामदास’ घ्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वाटेत उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. ऐन पावसाळ्यात वरच्या-खालच्या थरांतले वारे उलटसुलट वाहतात, त्यामुळे चक्रीवादळ सहसा आकार धरत नाही. पण मोसमी वाराच समुद्र खवळवतो. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, ते उगाच नाही.

त्यात गटारी अमावास्या. ज्या तिथीला गावी जाणाऱ्यांची गर्दी, त्याच तिथीला समुद्राला उधाण.

म्हणून नुसतं हवामान तपासू नका. त्या दिवशी समुद्र कसा होता, बोटीत कोण होतं आणि तरीही ती का सोडली, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारा.