कर्ज, इच्छा आणि उद्या : इंग्रजी भविष्यकाळाची जन्मकथा

१/ 'आय' आणि 'वी' यांच्यापुढे 'शॅल', बाकी सर्वांपुढे 'विल'. शाळेत हा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केला आहे. तो प्रथम मांडणारा माणूस गणितज्ञ होता, आणि या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ भविष्याशी निगडित नव्हताच. आजचा धागा या दोन शब्दांच्या प्रवासाविषयी.

२/ मराठी क्रियापद भविष्यकाळ आपल्या अंगावरच वागवते : जाईन, जाशील, जाईल. लॅटिनचेही तसेच, 'आमो' म्हणजे प्रेम करतो, 'आमाबो' म्हणजे प्रेम करीन. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातून आली, तेथे असा प्रत्ययच नव्हता. इ. स. ११०० पूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत उद्याची गोष्टही वर्तमानकाळातच सांगितली जाई. 'द ट्रेन लीव्हज टुमॉरो' या आजच्या वाक्यात ती जुनी रीत अजून जिवंत आहे.

३/ मग 'शॅल' कोठून आला? त्याचे प्राचीन रूप 'स्कुलन', अर्थ 'देणे लागणे'. कर्ज आणि अपराध या दोहोंसाठी वापरला जाणारा जर्मन शब्द 'शुल्ड' याच घराण्यातला. 'विल'चे मूळ 'विलन', अर्थ 'इच्छिणे'. मृत्युपत्राला आपण 'विल' म्हणतो ते याच नात्याने : ती मरणाऱ्याची लिखित इच्छा असते.

४/ जे देणे आहे ते पुढे फेडायचे असते. जे हवे आहे ते पुढे मिळायचे असते. म्हणून ऋण आणि इच्छा हे दोन्ही शब्द शतकानुशतके वापरून झिजत झिजत 'उद्या'कडे सरकले. हे केवळ इंग्रजीत घडले नाही. 'मला गायचे आहे' अशा अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन 'कांतारे हाबेओ' या रचनेतून फ्रेंचचा भविष्यकाळ घडला.

५/ चौदाव्या शतकात जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबल लॅटिनमधून इंग्रजीत आणले. लॅटिन भविष्यकाळासाठी त्यांनी बहुधा 'शॅल' योजला. ग्रंथभाषेत 'शॅल' स्थिरावला, तर बोलीत 'विल' बळावत गेला. दोहोंच्या सीमा मात्र धूसरच राहिल्या.

६/ त्या सीमा आखल्या जॉन वॉलिस यांनी. ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक, अनंताचे ∞ हे चिन्ह रूढ करणारे तेच. १६५३ साली त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिनमध्ये. त्यांचा नियम असा : प्रथमपुरुषी 'शॅल' हे नुसते भाकीत, 'विल' हे वचन किंवा धमकी, द्वितीय व तृतीय पुरुषी नेमके उलट.

७/ पुढे रॉबर्ट लाउथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांच्या व्याकरणांतून असे नियम शाळाशाळांत पोहोचले. स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन लोक सर्रास 'विल' वापरत. नियम न पाळणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरले. बुडणारा आयरिश माणूस 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडतो आणि काठावरचे इंग्रज 'याला मरायचेच आहे' असे समजून स्वस्थ राहतात, हा विनोद त्याच तुच्छतेतून जन्मला.

८/ नियम आणि कान यांचे मात्र कधीच पूर्ण जुळले नाही. ४ जून १९४० रोजी चर्चिल यांनी संसदेत 'वी शॅल'चा घोष केला. वॉलिस यांच्या मते ते नुसते भाकीत ठरले असते. ऐकणाऱ्यांना त्यात प्रतिज्ञाच ऐकू आली.

९/ दरम्यान तिसरा वाटसरू आला होता : 'गोइंग टू'. मुळात खरोखरच चालत जाण्याचा अर्थ, मग हेतूचा, मग भविष्याचा. जोशुआ पूल यांनी १६४६ सालीच आपल्या व्याकरणात त्याची भविष्यदर्शक म्हणून नोंद केली होती, म्हणजे वॉलिस यांच्याही सात वर्षे आधी.

१०/ हे सारे केवळ व्याकरणाचे भांडण आहे काय? आपल्या संविधानाचा मूळ इंग्रजी मसुदा पाहा. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या अनुच्छेद १४, १७ आणि २१ यांत 'शॅल' आहे. तेथे तो भाकीत नव्हे, बंधन आहे. 'स्कुलन'चे जुने ऋणच तेथे बोलते : राज्य नागरिकांचे देणे लागते.

११/ पण प्रत्येक 'शॅल' तितकाच बंधनकारक का? अनुच्छेद ३२० नुसार सरकारी सेवकांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, आणि तेथेही 'शॅल'च आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तेथील 'शॅल' केवळ मार्गदर्शक आहे. सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. एका क्रियापदाच्या अर्थावर एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न अवलंबून होता. अशाच संदिग्धतेमुळे अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतून २००७ साली 'शॅल' हटवून बहुतेक ठिकाणी 'मस्ट' घालण्यात आला.

१२/ आज अनेक भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच. काळ दोनच, वर्तमान आणि भूत. उद्याविषयी बोलताना इंग्रज आजही आपले कर्तव्य, आपली इच्छा किंवा आपली चाल सांगतो. पुढच्या वेळी कायद्यात 'शॅल' दिसला, तर जरा थांबून विचारा : हे भाकीत आहे, की कुणाचे तरी देणे?

धागा समाप्त.