मधला थर

तीन दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात रक्ताचा एक ठिपका उडताना दिसतो, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. तो ठिपका म्हणजे हृदय. ते कशातून घडते, हे कळायला पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. मी जीवशास्त्राचा पदवीधर नाही. केवळ कुतूहलापोटी या शोधाचा माग काढला.

रीगाच्या ख्रिश्चन पँडरने १८१७ साली जर्मनीतील वुर्ट्‌सबुर्ग येथे कोंबडीच्या गर्भावर प्रबंध लिहिला. घरची श्रीमंती असल्याने हजारो अंडी फोडण्याचा आणि चित्रे कोरून घेण्याचा खर्च त्याला झेपला. कोवळ्या गर्भात त्याला पातळ पापुद्रे दिसले: एक वर, एक खाली आणि दोहोंच्या मध्ये तिसरा. मधल्यात रक्तवाहिन्या दिसल्या, म्हणून त्याला नाव मिळाले रक्तवाहिन्यांचा थर. त्याचा मित्र फॉन बेअर याने १८२८ मध्ये हे काम इतर पृष्ठवंशीय प्राण्यांपर्यंत नेले. मात्र त्याने थर मोजले चार: स्नायूंचा थर वरच्या त्वचेच्या जोडीला, रक्तवाहिन्यांचा खालच्याच्या जोडीला. मधला थर असा वाटला गेला.

तो पुन्हा एकसंध केला बर्लिनच्या रोबर्ट रेमाकने. १८५० ते १८५५ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने थरांची जागा पाहून न थांबता, कोणत्या थरातील पेशींपासून काय तयार होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वरच्या थरातून त्वचा आणि मेंदू, खालच्यातून अन्नमार्गाचे अस्तर, मधल्यातून स्नायू, हाडे, रक्त. आजची मांडणी मुळात हीच आहे.

रेमाक ज्यू होता. बाप्तिस्मा घेतला असता, तर प्रशियातील विद्यापीठाचे दार उघडले असते. त्याने तो घेतला नाही. १८४७ मध्ये, थेट राजाकडे अर्ज केल्यानंतर काही वर्षांनी, त्याला शिकवण्याची परवानगी मिळाली. १८५९ मध्ये दुय्यम प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद न मिळताच १८६५ मध्ये तो वारला.

तीन थरांचे कोष्टक आपण शाळेत पाठ करतो. ‘मध्यस्तर’ या शब्दामागे पँडरची अंडी आहेत, तसा रेमाकचा नकारही आहे, असे मला वाटते. तो कोष्टकात मावत नाही. इतिहासात तरी त्याला जागा हवी.