तलावाच्या पाळीखालची घरे

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. सातवी शिकलेली बाई इतिहास काय लिहिणार! पण त्या म्हणाल्या, "वहिनी, हळदीकुंकवाला तुम्ही तलावांच्या गोष्टी सांगता, त्याच लिहा." म्हणून हे धाडस. भगिनींनी चूकभूल पदरात घ्यावी.

माझे माहेर चंद्रपूरचे, परकोटाच्या आतले; सासर बल्लारपूरचे. म्हणजे गोंड राजे ज्या वाटेने गेले, तिच्या उलट मी आले. त्यांची राजधानी आधी आपल्या बल्लारपुरात, वर्धेच्या काठी होती. तो किल्ला आपण सर्वांनी पाहिलाच आहे. पंधराव्या शतकातला खांडक्या बल्लाळशहा येथलाच. त्याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीस गेला असता झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाचे पाणी त्याने अंगाला लावले आणि तो बरा झाला, अशी कथा आहे. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे त्याच रानात एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला राजाला दिसला आणि राणी हिरातानीच्या सल्ल्याने, तो ससा धावला त्या रेषेवर परकोट आखला, असे सांगतात. कथा खरी किती, हे विद्वानांनी पाहावे. मला तिच्यातला क्रम आवडतो. आधी पाणी सापडले, मग वस्तीची जागा ठरली, भिंत सर्वांच्या शेवटी.

परकोट मोठा लांबलचक. चार वेशी आणि पाच खिडक्या. शहरात आणि शहराच्या कडेला रामाळा, कोहिनूर, घुटकाळा, गौरी असे तलाव होते. रामाळ्याचे नाव रामशहा राजावरून पडले म्हणतात. तलाव शोभेसाठी नव्हते. पावसाचे पाणी तेथे अडे, जमिनीत मुरे आणि विहिरींना लागे. माझ्या माहेरच्या विहिरीला एप्रिलातही पोहऱ्याला पाणी लागायचे. आजी पाणी ओढताना दोर किती हात गेला ते मोजायची आणि त्यावरून तलावात किती पाणी उरले असेल, ते सांगायची. तिला लिहिता वाचता येत नव्हते.

खेड्यांतही हीच रीत. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा नियम हिरशहा राजाने केल्याचे सांगतात. कोहळी लोक या कामात मोठे वाकबगार. उतार पाहून मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा, पाळीखाली धानाची शेते करायची. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे आणि भंडारा-गोंदियात असे तलाव अजून पुष्कळ आहेत. पुढे ते मालगुजारांकडे आले. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतात. नाव मात्र अगदी शोभते! मामाकडे घ्यायला सगळे भाचे जातात, गाळ उपसायला कोणी नाही.

चंद्रपूरच्या तलावांचे काय झाले? कोहिनूरचे मैदान झाले. घुटकाळा म्हटले की आज वॉर्डच आठवतो. रामाळा उरला, पण सांडपाणी आणि ईकॉर्नियाने भरलेला. त्यासाठी 2021 च्या फेब्रुवारीत इको-प्रोचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, तेव्हा गाळ काढण्याच्या कामाला चालना मिळाली.

लोक नगरपालिकेला दोष देतात, अतिक्रमण करणाऱ्यांना देतात. तो असेलच. पण मला आणखी एक वाटते. घरात नळ आले आणि विहिरीचा दोर खुंटीला गेला. मग तलाव भरला की आटला, हे कोणाला कळायचे कारण उरले नाही. नळाला मी नावे ठेवीत नाही. डोक्यावर हंडे वाहणे कोणाला हवे आहे? पण दोर मोजणारी आजी गेली, तेव्हा तलावावर रोज नजर ठेवणारेही गेले.

आता आपल्या गावाकडे येते. कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि 1945 साली स्थापन झालेली कागद कारखान्याची कंपनी यांमुळे बल्लारपुरात दूरदूरची माणसे आली. साऱ्यांना घरे हवी होती. उंच जागा आधी गेल्या. मागाहून आलेल्यांना सखल उरल्या.

आमचाही प्लॉट तसाच. बारा वर्षांपूर्वी आम्ही तो मे महिन्यात पाहिला. जमीन टणक कोरडी होती. कडेला बेशरमीची झुडपे आणि वाळलेले पाणकणीस मी पाहिले होते. पाणकणीस कोठे उगवते, हे तलावाकाठी वाढलेल्या मुलीला सांगावे लागत नाही. तरी मी गप्प बसले. भाड्याच्या दोन खोल्यांचा कंटाळा आला होता आणि ह्यांनी पगारातून साठविलेल्या पैशांत दुसरे काही बसत नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या फरशीच्या सांध्यांतून पाणी आले. तांदळाची कोठी आम्ही विटांवर चढविली, ती अजून तेथेच आहे.

पुढे शेजारच्या एका म्हाताऱ्या धिवरबाबांनी सांगितले, "बाई, येथे बोडी होती. तुमच्या चुलीच्या जागी मी जाळे टाकले आहे." बोडीचा उरलेला भाग आपल्या गल्लीमागे आहे. घर बांधताना निघालेला मलबा मीही तेथेच टाकला, हे कबूल करते. दुसरीकडे न्यायला गाडीभाडे पडले असते.

2022 च्या जुलैत वर्धा आणि इरई फुगल्या, तेव्हा नदीपासून दूर असूनही आपल्या गल्लीत पाणी तीन दिवस उभे होते. ओसरल्यावर मी बाबांना विचारले, बोडीचा सांडवा कोणत्या बाजूला होता? ते काठी टेकीत आले आणि पिठाच्या गिरणीच्या ओट्यापाशी थांबले. गिरणीत दर पावसाळ्यात पाणी का शिरते, ते मला तेव्हा कळले. बाबा थकले आहेत. पाळ कोठून कोठे जात होती, हे त्यांना अजून आठवते. या रविवारी मी त्यांच्याबरोबर ती पाहायला जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी आठला गिरणीपाशी यावे.