किन्हवलीच्या शाळांची भिंत

किन्हवली परिसरातल्या शाळांचा इतिहास लिहायचा तर इमारतींच्या आधी भिंतींचा लिहावा लागतो. इमारती उशिरा आल्या. त्याआधी शाळा भरायची देवळात, समाजमंदिरात, कुणाच्या पडवीत, आणि यातलं काहीच नसेल तिथे झाडाखाली. मी शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं. नोकरीचा मोठा काळ किन्हवली-शेणवे भागातल्या ठाकूर आणि कातकरी पाड्यांवर गेला. आज इथल्या कितीतरी वर्गांत प्रोजेक्टर नाहीतर मोठा टीव्ही दिसतो, आणि बाहेरून येणाऱ्याला वाटतं की हे सगळं मोबाइलबरोबर आपोआप आलं. तसं झालेलं नाही. या भागात शिकवण्याचं कुठलंही नवं साधन टिकलं ते एकाच अटीवर: गावाने आणि शिकवणाऱ्याने ते आपलं मानलं तर.

पंतोजींच्या काळात धूळपाटी होती. लाकडी पाटीवर बारीक माती पसरायची, काडीने अक्षर गिरवायचं, पाटी हलवली की अक्षर गेलं. मग दगडी पाटी आणि पेन्सिल आली. या दोन्ही वस्तू एकेका मुलाच्या मांडीवरच्या. सगळ्या वर्गाने एकाच वेळी एकाच जागी बघायचं, ही सोय मोठ्या फळ्याने केली. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत १८०१ च्या सुमारास गणित शिकवायला भिंतीवरचा फळा वापरल्याचं सांगतात. आमच्या पाड्यांपर्यंत तो यायला दीडशे वर्षं सहज गेली.

फळा आला तरी तो काळा ठेवणं हे स्वतंत्र काम होतं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला आठवडा त्यातच जायचा. टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड काढायची, घेवड्याचा पाला कुटून त्याच्या रसात ती कालवायची आणि फडक्याच्या बोळ्याने फळ्यावर चोळायची. एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. सेल मुलंच आणायची. पहिल्या पावसात रात्री चिंबोऱ्या पकडायला बॅटरी लागते, त्यामुळे पाड्यावर सेलना तोटा नसे. नवा काळा केलेल्या फळ्यावर पहिलं अक्षर कोण काढणार यावरून भांडणं व्हायची. फळ्याला मुलांचे हात लागलेले असायचे, म्हणून त्याच्यावर मुलांचा हक्क असायचा.

आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात याहून मोठा धडा घालून दिलेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच त्यांची साधनं. गुरं राखणारं मूल शाळेत येऊ शकत नाही, मग शाळाच कुरणात न्यायची, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. आज ज्याला आभासी सहल म्हणतात तिचं मूळ मला तिथे दिसतं. मुलाला वर्गाबाहेर न्यायचं किंवा बाहेरचं जग वर्गात आणायचं, यातलं काही तरी शिक्षकाला करावंच लागतं. साधन कुठलं ते काळावर अवलंबून.

१९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ पासून खडू-फळा मोहीम सुरू झाली. पावसाळ्यात टिकतील अशा दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि शिकवण्याचं किमान साहित्य. मी नोकरीला लागले ती याच लाटेत, त्यामुळे या मोहिमेबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. साहित्यात नकाशे होते, पृथ्वीचा गोल होता, विज्ञानाची आणि गणिताची पेटी होती, ढोलकी आणि झांजाही होत्या. पण हे सगळं डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढलं. वस्तू फुटली तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, सह्या घ्या, उत्तरं द्या. मी पाहिलेल्या एका शाळेत गोल कपाटातच राहिला, प्लॅस्टिकची पिशवीही न काढता. शिक्षकांना दोष देऊन चालणार नाही. वस्तू वापरली तर शिक्षा आणि झाकून ठेवली तर शाबासकी, असा हिशेब ज्याने लावला त्याचा तो दोष. हीच गोष्ट पुढे संगणकाच्या बाबतीत झाली आणि आताच्या मोठ्या डिजिटल पॅनेलच्या बाबतीत व्हायची भीती आहे.

या मोहिमेच्या थोडं आधी, १९८४ मध्ये, पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली होती. दूरदर्शनसाठी मराठीतून मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम तिथे तयार व्हायचे. काही फार सुंदर होते. पण कार्यक्रमाची वेळ, वीज आणि चालू टीव्ही या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं पाड्यावरच्या शाळेला जवळजवळ अशक्य होतं. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. मराठी मुलांसाठी जमवलेलं एवढं ज्ञान असं थांबवायला नको होतं, हे माझं ठाम मत आहे.

विजेबद्दल तर बोलायलाच हवं. शहापूर हा तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा तलाव १८९२ चा, भातसा धरण त्यानंतरचं. तरीही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. विजेचंही तेच. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण भागात तासन् तास भारनियमन असायचं, आणि ते नेमकं शाळेच्या वेळात. शाळांना बिल चढ्या दराने यायचं, ते भरायला तरतूद नसायची, आणि थकलं की वीज तोडली जायची. भिंतीवर बटणं आहेत, मीटर आहे, पण प्रवाह नाही, अशा खोल्यांत आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं.

या पार्श्वभूमीवर पष्टेपाड्याचं मोल कळतं. आमच्याच शहापूर तालुक्यातला हा छोटा आदिवासी पाडा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या तरुण शिक्षकाने लोकसहभागातून पैसा उभा केला, कमी खर्चाचा इंटरॲक्टिव्ह फळा बसवला, मुलांच्या हातात टॅबलेट दिले. राज्यभरातून शिक्षक ती शाळा बघायला आले, आणि ‘पष्टेपाडा पॅटर्न’ हे नाव शिक्षण परिषदांमध्ये ऐकू येऊ लागलं. मोठ्या शहरातल्या खासगी शाळेने हे केलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. पाड्याने केलं, म्हणून तालुक्यातला प्रत्येक शिक्षक स्वतःला विचारू लागला की मग माझ्या शाळेत का नाही?

हा फळा स्वस्तात होऊ शकतो हे कळण्यामागेही एक गोष्ट आहे. तयार इंटरॲक्टिव्ह फळा कॅनडातल्या स्मार्ट कंपनीने १९९१ मध्ये आणला. तो महाग. २००७ च्या अखेरीस जॉनी ली या अमेरिकेतल्या तरुण संशोधकाने व्हिडिओ गेमच्या रिमोटमधला कॅमेरा वापरून तेच काम फार थोड्या पैशांत करून दाखवलं, आणि कृती सगळ्यांसाठी खुली केली. तत्त्व साधं आहे. पेनाच्या टोकाला अवरक्त किरणांचा छोटा दिवा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेल्या चित्रात चार कोपऱ्यांवर चार खुणा येतात. पेनाने त्या एकेक करून टिपल्या की संगणकाला भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते समजतं. मग पेन जिथे टेकेल तिथे रेघ उमटते.

आमच्याकडे असा फळा बसवला तेव्हा वेगळीच अडचण आली. सकाळी अकराच्या सुमारास पेन कुणी हातात न घेताही भिंतीवरचा बाण थरथरायला लागायचा, मधेच उडी मारून कोपऱ्यात जायचा. आम्ही वायर तपासल्या, संगणक बंद-चालू केला. शेवटी चौथीतल्या एका मुलीने वर बोट दाखवलं. एक कौल सरकलं होतं आणि उन्हाची तिरीप बरोबर भिंतीवर पडत होती. उन्हातही अवरक्त किरण असतात, कॅमेरा त्यालाच पेन समजत होता. तिच्या वडिलांनी त्याच दुपारी चढून कौल नीट केलं. त्या दिवसाचा परिसर अभ्यासाचा पाठ मी बाजूला ठेवला आणि ऊन, उष्णता, न दिसणारा प्रकाश हाच विषय घेतला. चुलीजवळ हात धरला की दिसत नसताना ऊब कशी लागते, हे मुलांना आधीच माहीत होतं.

या फळ्याने पाड्यावर काय दिलं ते मी नेमकं सांगू शकते. घरात ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी असते. चित्र मोठं झालं, बोटाने हलवता आलं, की ते मूल आधी आपल्या भाषेतला शब्द मोठ्याने सांगतं आणि मग पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी बसवता येतो. एरवी मागच्या भिंतीला टेकून बसणारी मुलं पेन मागायला पुढे यायची. पण म्हणून फळ्याने निकाल सुधारतो असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये सरकारने मोठा खर्च करून हे फळे शाळाशाळांत लावले, आणि लंडनच्या माध्यमिक शाळांवरच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं की केवळ फळा आला म्हणून मुलांची कामगिरी वाढली नाही. शिकवणं जुनंच राहिलं तर भिंत बदलून उपयोग नाही.

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि डिजिटल शाळांची लाट आली. पुढे चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून कितीतरी ग्रामपंचायतींनी शाळांना टीव्ही, प्रोजेक्टर दिले. चांगलं झालं. पण त्याच काळात, ८ मार्च २०१६ ला, शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसलेल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या दप्तर घेऊन आल्या आणि पाटीवर आपलं नाव लिहायला शिकल्या. जग त्यांना बघायला आलं. तिथे साधन काय होतं? पाटी, पेन्सिल, काळा फळा. डिजिटल शाळेचा अभिमान बाळगताना मी हे उदाहरण नेहमी सांगते, कारण दोन्हीकडे काम करणारी गोष्ट एकच होती: साधन आपलं मानणारी माणसं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा पडद्याची खरी परीक्षा झाली. नेटवर्कसाठी मुलं टेकाडावर चढायची. घरात एकच मोबाइल, तोही वडील वीटभट्टीवर घेऊन गेलेले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागू लागली, ती ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना मिळाली. तिकडे सोलापूरच्या निलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. आम्हीही पाड्यावर ओटीवर, अंतर ठेवून, खडूनेच शिकवलं.

आभासी सहलीसाठी आलेल्या पुठ्ठ्याच्या चष्म्याचं थोडक्यात सांगते. मोबाइल आत सरकवला की मूल मान वळवेल तिकडे दृश्य वळतं. समुद्र न पाहिलेल्या मुलीने तो डोळ्याला लावून पाय मागे घेतले होते, भिजू नये म्हणून. अशा सहली दाखवणारं गूगलचं ॲप मात्र २०२१ च्या जूनमध्ये कंपनीने बंद केलं, आणि त्यावर बेतलेले पाठ एका दिवसात गेले. सोलापूरच्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी थेट बोलून सहली घडवायचे. मला ती वाट जास्त भरवशाची वाटते, कारण पलीकडे माणूस असतो.

आता सगळीकडे मोठी पॅनेल येत आहेत. ती यावीत. पण पॅनेल बंद पडलं, केबल उंदराने कुरतडली, बिल थकलं, तर पैसा कुठून येणार हे आधी ठरवा. किन्हवली, शेणवे, डोळखांब, सरळगाव भागातल्या पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझं सांगणं आहे: येत्या ग्रामसभेत शाळेचं वीजबिल आणि साधनांची दुरुस्ती हे दोन विषय लेखी द्या, आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात त्यासाठी वेगळी रक्कम धरायला लावा. आणि शाळेत जाऊन पॅनेल चालू आहे का ते मास्तरांना विचारू नका, मुलांना विचारा.