चार पत्रकांच्या कोपऱ्यावरचा जिल्हा: बीडची वाट आणि मांडीवरचा नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत बीड जिल्हा शोधायला बसलात, तर एका पत्रकाने भागत नाही. १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश या रेषा वडवणीच्या परिसरात एकमेकींना छेदतात आणि नेमक्या त्याच बिंदूवर चार पत्रकांचे कोपरे जुळतात. गेवराई ४७-एम वर, पाटोदा आणि आष्टी ४७-एन वर, माजलगाव ५६-ए वर, अंबाजोगाई आणि परळी ५६-बी वर. बीड शहर १९ अंशाच्या रेषेला इतके खेटून आहे की शहराच्या उत्तरेला थोडे सरकताच पत्रक बदलते.

ही झाली एक इंचाला चार मैल या प्रमाणाची पत्रके. २ सेंटिमीटरला १ किलोमीटर दाखवणारे तपशीलवार नकाशे हवे असतील, तर एकेक पत्रक जेमतेम सव्वासातशे चौरस किलोमीटरचे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेदहा हजारांहून अधिक. म्हणजे मोटारीत बसून कागदावर वाट पाहायची, तर पंधराहून अधिक घड्या उलगडायच्या आणि मिटायच्या. लॅपटॉपवर नकाशा उघडून गाडी हाकण्याचा जो एक अल्पायुषी काळ होऊन गेला, त्याचे खरे आकर्षण इथे समजते: पडद्यावर ही पत्रके कडा कापून एकमेकांना जोडता येत. आजचा धागा त्या काळाविषयी आणि त्या पडद्यामागे दडलेल्या दोनशे वर्षांविषयी आहे. जरा लांब आहे, पण सोबत राहा.

सुरुवात १८०२ मध्ये, मद्रासजवळ. विल्यम लॅम्बटनने तेथे पायारेषा मोजली आणि त्रिकोणांच्या साखळीने हिंदुस्थान मापण्याचे काम सुरू झाले. या मोजणीचा कणा ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेला. लॅम्बटन हे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे आपले गणित मांडले. बीड त्या कण्यापासून पश्चिमेला सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर, निजामाच्या मुलखात होते; तरी बीडच्या नकाशातला प्रत्येक ओढा आणि प्रत्येक टेकडी अखेर एव्हरेस्टच्याच गणितावर बसवली गेली. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे ते लॅपटॉपच्या पडद्यावर अनपेक्षितपणे डोके वर काढणार आहे.

त्या नकाशांवर अंबाजोगाई सापडत नाही. तिथे 'मोमिनाबाद' छापलेले असते. गाव हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे, नाव निजामी दप्तरातले. जोगाईचे देऊळ आणि मुकुंदराजाची समाधी असलेले गाव आपल्या लोकांच्या तोंडी आंबेजोगाईच होते. पण नकाशा लोकांचे तोंड पाहून काढला जात नसतो, दप्तर पाहून काढला जातो.

आता थेट १९८५ मध्ये या. कॅलिफोर्नियातील 'इटॅक' या कंपनीने मोटारीत बसवायचा नकाशा विक्रीला आणला. उपग्रह नाहीत, नकाशा कॅसेटवर, चाकांवर संवेदक, सोबत होकायंत्र. गाडी किती धावली आणि कुठे वळली यावरून यंत्र आपली जागा ताडत असे आणि नकाशातील रस्त्याशी ती जुळवून घेत असे. कंपनीचे नावही सुंदर होते: प्रशांत महासागरातील बेटवासी दर्यावर्दी ज्या पद्धतीने वाट काढत, तिचेच ते नाव.

पुढे १९९१ मध्ये 'डीलॉर्म' या कंपनीने संपूर्ण अमेरिकेचे रस्ते एका सीडीवर आणले. मात्र जीपीएसचे संकेत नागरी वापरासाठी मुद्दाम बिघडवून दिले जात होते, चूक शंभर मीटरच्या घरात जाई. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी हा बिघाड बंद करण्याची घोषणा केली आणि एका रात्रीत चूक दहा-वीस मीटरवर आली. मोटारीतला लॅपटॉप खऱ्या अर्थाने उपयोगी झाला तो त्यानंतर. काचेपाशी ठेवलेला काडेपेटीएवढा ग्राहक, त्याची तार लॅपटॉपला, लॅपटॉपची वीज सिगारेट लायटरच्या खोबणीतून. ग्राहक दर सेकंदाला साध्या मजकुराची एक ओळ पाठवी: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. बोटींच्या उपकरणांसाठी ठरवलेलीच ही भाषा. संगणकावरील प्रणालीने ती ओळ वाचायची आणि नकाशावर बाण पुढे सरकवायचा. एवढेच गणित.

अमेरिकेत सीडी विकत मिळे. आपल्याकडे खोळंबा नकाशापाशीच होता. स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे टोपोशीट, ही सरकारी आणि सुरक्षेच्या नियमांनी जखडलेली वस्तू. सीमेलगतची आणि किनाऱ्यालगतची पत्रके तर सामान्य माणसाला मिळतच नसत. मग हौशी मंडळी जगभर जे करत होती तेच इथेही शक्य होते: अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात भारतीय नकाशांवरूनच तयार केलेली पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवली होती, ती उतरवून घ्यायची, 'ओझीएक्सप्लोरर'सारख्या प्रणालीत त्या चित्राच्या कोपऱ्यांना अक्षांश-रेखांश द्यायचे, आणि निघायचे. आपल्याच भूमीचा नकाशा आपल्याला परदेशी लष्कराच्या प्रतीतून मिळावा, यातील उपरोध मी वेगळा सांगायला नको.

आणि इथे एव्हरेस्ट परत येतो. उपग्रहांचे गणित पृथ्वीच्या निराळ्या आकारावर आधारलेले आहे. जुन्या नकाशातील अक्षांश-रेखांश १८३०च्या आकारावर. दोन्हींतील फरक प्रणालीला सांगितला नाही, तर बीडच्या अक्षांशावर बाण खऱ्या जागेपासून शंभर मीटरहून अधिक सरकलेला दिसतो. उजाड माळावर ते खपून जाईल. बीड शहरात मात्र गाडी बिंदुसरेच्या एका काठावर आणि बाण दुसऱ्या काठावर, अशी गंमत होते. उपग्रहही बरोबर, नकाशाही आपल्या जागी बरोबर. दोघांची पृथ्वी तेवढी वेगळी. त्या काळी जीपीएसला दोष देणाऱ्या अनेकांची तक्रार वास्तविक १८३० सालाशी होती.

दुसरा घोटाळा गणिताने सुटणारा नव्हता. गढीहून माजलगावकडे निघालात, तर १९५०च्या दशकातील नकाशावर सिंदफणा एक साधी नदी आहे. काठाला गावे, गावांमधून गाडीवाटा, विहिरी. प्रत्यक्षात तिथे पाणी आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील माजलगाव धरणाने ती खोऱ्यातली वस्ती पोटात घेतली. गावे उठली, वरच्या अंगाला पुन्हा वसली, अनेकांनी जुनेच नाव नव्या जागी नेले. लॅपटॉपवरचा नकाशा ती गावे अजून खाली, पाण्याच्या जागी दाखवतो. वाट शोधणाऱ्यासाठी ही चूक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र हे पत्रक म्हणजे बुडालेल्या गावांचा उरलेला मोजका पुरावा आहे. मला विचाराल तर नव्या नकाशाच्या लोभाने जुनी पत्रके टाकून देणे हा करंटेपणा होय.

उलट बाजूही पाहा. जी वस्ती होती पण नकाशात नव्हती, तिचे काय? बालाघाटच्या डोंगररांगेतील तांडे बहुतेक बिननावाचे ठिपके, तेही असले तर. आणि हे तांडे कोणाचे? ज्या बंजाऱ्यांनी शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन पालथे घातले, मोगलांच्या फौजा पोसल्या, १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीलाही ज्यांच्या धान्यावर अवलंबून राहावे लागले, त्यांचे. वाटा ज्यांना सर्वांत चांगल्या ठाऊक, त्यांचीच घरे नकाशाबाहेर. आजही बीडमधून लाखो ऊसतोड कामगार दर हंगामाला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाला आणि ट्रॅक्टर हाकणाऱ्याला फड कुठला, फाटा कुठला हे तोंडपाठ असते.

रस्त्यांचे क्रमांकही स्थिर राहिले नाहीत. सोलापूरहून बीडमार्गे धुळ्याला जाणारा २११ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग २०१० च्या फेररचनेत ५२ झाला. कल्याणहून गढी-माजलगावमार्गे नांदेडकडे जाणारा २२२ चा ६१ झाला. सीडीवरचा नकाशा बिचारा २११ म्हणत राहिला. गावकऱ्याला याचे सोयरसुतक नव्हते. त्याच्यासाठी मांजरसुंबा म्हणजे मांजरसुंबा.

दरम्यान कुलूप हळूहळू उघडत होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी वेगळी आणि सर्वांसाठी खुली अशी पत्रकांच्या दोन मालिका केल्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'वर आणि २००८ च्या गूगल मॅपमेकरवर सामान्य माणसे आपल्या गावाचे रस्ते स्वतः काढू लागली. २०१३ मध्ये गूगलने नकाशे भरण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र केंद्र सरकारने भारतीयांसाठी नकाशे तयार करण्यावरची पूर्वपरवानगीची अटच बहुतांशी काढून टाकली. तोवर लॅपटॉप मांडीवरून उतरला होता, मोबाइल डॅशबोर्डवर चढला होता.

खुल्या मालिकेत एक छोटा बदल झाला, तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. एव्हरेस्टचा आकार सोडून तिने उपग्रहांचाच आकार स्वीकारला आणि पत्रकांना आंतरराष्ट्रीय पद्धतीचे क्रमांक दिले. या पद्धतीत मोठे पत्रक चार अंशांऐवजी सहा अंश रुंद, ७२ पासून ७८ पर्यंत. त्यामुळे ४७ आणि ५६ मधली ७६ अंशाची जुनी शीव पुसली गेली आणि आष्टीपासून परळीपर्यंतचा सगळा बीड जिल्हा आता ई-४३ या एकाच पत्रकात येतो.